धाकूचं उलटं गाऱ्हाणं

कोकणातल्या एका गावात धाकू नावाचा एक गृहस्थ राहत होता. देवाने आपल्याला काहीच दिलं नाही, असं त्याचं ठाम मत होतं. हे मत तो रोज सकाळी पोटभर पेज पिऊन, ढेकर देऊन, ओटीवर ऐसपैस बसून मांडत असे.

त्याच्या विहिरीला ऐन वैशाखातही पाणी असायचं. धाकू म्हणायचा, "पाणी आसा, पण खोल किती! ओढून ओढून हात गेले माजे." दारातला फणस बुंध्यापासून लगडायचा. धाकू म्हणायचा, "इतके खातलो कोण? पोट दुखता." अंथरुणाला पाठ टेकताच तो घोरू लागायचा, आणि सकाळी उठून तक्रार करायचा की स्वप्नंसुद्धा धड पडत नाहीत. अशा माणसापुढे देव तरी काय करणार?

हे सगळं ऐकायला घरात एकच माणूस होतं, त्याची बायको शेवंती. ती रोज गरम पेज आणि भाजलेला सुका बांगडा त्याच्यापुढे ठेवायची. धाकू पहिला घोट घ्यायचा आणि काय कमी आहे ते सांगायचा. कधी मीठ कमी, कधी दाटपणा कमी. काहीच सापडलं नाही, तर "कालच्यासारकी नाय." काल तो 'परवासारखी नाही' म्हणाला होता, हे शेवंतीला चांगलं आठवायचं.

शेवटी एके दिवशी तिने पळी खाली ठेवली. म्हणाली, "तुमका जा नाय, ताच दिसता. मगे मी पण घरात नाय आसलेली बरी. निदान तेवा तरी तुमका दिसतलंय." आणि ती वाडीपलीकडे भावाच्या घरी निघून गेली.

पहिल्या दिवशी धाकूने खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी चूल पेटवता पेटवता त्याच्या भुवया जळाल्या. मग त्याच्या लक्षात आलं, की तक्रार करायलाही घरात ऐकणारं माणूस लागतं. त्याने फणसाला तक्रार सांगून पाहिली. फणसाने हूं की चूं केलं नाही. घर खायला उठलं. त्याला शेवंतीची फार आठवण येऊ लागली, आणि ती कायमचीच गेली तर, या विचाराने त्याला रात्री झोप लागेना. पण तिला आणायला जायचं म्हणजे मेव्हण्यापुढे मान खाली घालायची! त्यापेक्षा देवालाच मध्ये घालावं, असं त्याने ठरवलं.

त्या गावात देवाकडे काही मागायचं, तर गाऱ्हाणं घालायची रीत होती. गुरवाने देवापुढे उभं राहून एकेक वाक्य मोठ्याने बोलायचं आणि जमलेल्या मंडळींनी प्रत्येक वाक्यामागून 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. मंडळींना याची इतकी सवय झाली होती, की वाक्य पुरतं ऐकण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. निम्म्यांचं लक्ष प्रसादाकडे असे.

सोमवारी रवळनाथाचं देऊळ माणसांनी भरलं होतं. धाकू बुधाजी गुरवाजवळ गेला.

"बुधाजीनू, माजा गाऱ्हाणा घाला. देवान माका आजपर्यंत कायएक दिल्यान नाय. निदान बायल तरी परत दी म्हणान सांगा."

"कायएक दिल्यान नाय? नक्की?" बुधाजीने विचारलं.

"नक्की!"

"मगे तसाच सांगूक व्हया," बुधाजी म्हणाला, आणि देवापुढे उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या धाकूक तू आजपर्यंत कायएक दिलंस नाय!"

"व्हय म्हाराजा!"

धाकूने समाधानाने मान डोलावली. इतक्या वर्षांनी कुणीतरी देवाला स्पष्ट सांगत होतं.

"म्हणजे तेच्या घरात जा काय आसा, ता तेचा न्हय! ता चुकान थंय गेला!"

"व्हय म्हाराजा!"

धाकूची मान डोलायची थांबली.

"तर ता सगळा परत घी म्हाराजा! तेची विहीर आटव!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणून मोकळी झाली.

"रवा, रवा! थांबा!" धाकू ओरडला. "विहीर माजी आसा! पाणी गोडा आसा तिचा!"

"पण खोल आसा मा?" बुधाजीने मागे न वळता विचारलं.

"खोल आसा म्हणान तर वैशाखात पाणी ऱ्हवता!"

देवळात चुळबूळ सुरू झाली. चालू गाऱ्हाण्यात आजवर कुणी तोंड घातलं नव्हतं. बुधाजीवर मात्र काही परिणाम झाला नाही.

"तेचो फणस सुकव म्हाराजा!"

"नको!" मंडळींचा होकार निघायच्या आत धाकूने दोन्ही हात वर केले. "गरे म्हणजे साखर आसत! पोट माजा, दुखांदे!"

"तेची झोप काढून घी म्हाराजा!"

आता कुणाच्या बाजूने ओरडायचं, हेच मंडळींना कळेना. धाकू रडकुंडीला आला होता.

"झोप आदीच गेली, बुधाजीनू," तो म्हणाला. "शेवंती गेली त्याच दिवशी गेली. आणि ती पेज... लग्न झाल्यापासून एक दिवस वायट झाली नाय तिची पेज. मीच मेलो तिच्यात काय नाय काय खोड काढी होतंय."

बायकांच्या घोळक्यात, खांबाआड शेवंती उभी होती; ती भावाबरोबर देवळात आली होती. धाकूला ते माहीत नव्हतं. बुधाजीला होतं.

"बरा," बुधाजी बाजूला सरला. "आता तुका काय व्हया ता तूच माग."

धाकूने हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्याने लपवलं नाही.

"बा देवा म्हाराजा," तो कसाबसा म्हणाला, "तू दिलंस, पण माका ता दिसाक नाय. आता दिसला. तेवढा माका ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ एकदम म्हणालं, आणि या वेळी प्रत्येकाने वाक्य नीट ऐकलं होतं. सगळ्यांत मोठा आवाज खांबाआडून आला. धाकूने तो ओळखला. देवाला मध्ये घालायला आलेला माणूस सगळ्या गावासमोर, मेव्हण्यासमोर, स्वतःच्या पायांनी चालत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"शेवंती, चल गो घराक."

"चला," शेवंती म्हणाली. "पण उद्याची पेज तुमी करतल्यात."

"व्हय म्हाराजा!" धाकू म्हणाला.

तात्पर्य: देवाने काय दिलं हे कळत नसेल, तर त्याने परत मागितल्यावर आपण काय काय घट्ट धरून बसू ते आठवावं. तेच त्याचं देणं. आणि ज्याने न मागता एवढं दिलं, त्याच्यावर उद्याचाही भरवसा ठेवावा.