म्हाळसेची शिष्यवृत्ती, महाराजांचा हत्ती

“काय सापडणार ते आधी सांग, मग शिष्यवृत्ती माग!” राजा अरिंदमानं फर्मावलं आणि भर दरबारात म्हाळसेची बोलती बंद झाली.

म्हाळसा पाठशाळेची पदवी घेऊन तुळाजी ओतारीच्या ओतशाळेत घंटा ओतायचं काम करत होती. राजवाड्याच्या दारावरची मोठी घंटा दर थंडीत तडकायची. नवी ओतली, की पुढच्या थंडीत तीही तडकायची. का तडकते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाळसेलाही नव्हतं. फरक एवढाच, की बाकीच्यांची त्यापायी झोप उडाली नव्हती! तिच्या मनात आलं, नोकरी सांभाळून या कोड्याचा छडा लावावा आणि त्यावरच पाठशाळेची ‘आचार्य’ ही सगळ्यात मोठी पदवी मिळवावी. पण त्यासाठी तांबं, कथील, कोळसा हवा. बुडालेली मजुरी भरून निघायला हवी. म्हणून ती राजाच्या दारी आली होती.

दिवाणजींनी आधीच नाक मुरडलं होतं. “महाराज, शिष्यवृत्ती पाठशाळेत बसून शिकणाऱ्याला, मजुरी कारखान्यात राबणाऱ्याला. ही दोन डगरींवर हात ठेवून उभी! एक ना धड, भाराभर चिंध्या!”

म्हाळसेनं हळूच आपल्या पदराकडं पाहिलं. भट्टीच्या ठिणग्यांनी त्याची चाळण झाली होती. चिंध्यांच्या बाबतीत दिवाणजींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता! पाठशाळेत तिला ‘भट्टीवाली’ म्हणत, ओतशाळेत ‘पंडितीणबाई’, आणि दोन्हीकडं हसतच म्हणत. त्यांचंही काय चुकलं? एकदा सूत्रं पुटपुटण्याच्या नादात तिनं साच्याऐवजी स्वतःच्या चपलेवरच तापलेला धातू ओतला होता. पाय वाचला, तो केवळ चपलेत नव्हता म्हणून!

“न बघता मी घोडासुद्धा घेत नाही,” राजा म्हणाला. “मग न बघता उत्तर विकत घेऊ? उद्या सकाळी ये आणि घंटा का तडकते ते सांग. सांगितलंस तर शिष्यवृत्ती. नाही सांगितलंस तर पाठशाळाही सुटली आणि ओतशाळाही!”

“पण महाराज, मला ठाऊक असतं तर...”

“पण-बिण काही नाही!”

म्हाळसेला राग आला. “हा नियम माझ्या एकटीसाठी, की सगळ्यांसाठी?”

राजाला आपल्या न्यायाचा भारी अभिमान! तो ताडकन म्हणाला, “सगळ्यांसाठी! दिवाणजी, लिहा! काय सापडणार आणि कुठं सापडणार हे आधी सांगितल्याखेरीज यापुढं कुठल्याही शोधासाठी खजिन्यातून छदाम सुटायचा नाही!”

म्हाळसा पायऱ्या उतरू लागली. ‘वा गं विदुषी! इतकी वर्षं शिकून काय केलंस? आपल्या पायावरचा धोंडा साऱ्या राज्याच्या पायावर पाडून आलीस!’

दारात हत्तीखान्यातला धोंडबा आणि त्याची माणसं उभी होती. खांद्यावर दोरखंड, डोक्यावर उसाच्या मोळ्या.

“कुठं निघालात, धोंडबाकाका?”

“महाराजांचा लाडका हत्ती बत्तासा साखळी तोडून रानात पळालाय, पोरी. दिवाणजींकडनं खर्ची घ्यायची आणि त्याला शोधायला निघायचं!”

म्हाळसा जागच्या जागी थबकली. मग एकाएकी खुदकन हसली.

“जरूर जा, काका. फक्त दिवाणजींना एवढं विचारा, महाराजांचा नवा नियम तुम्हालाही लागू आहे का?”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला, तेव्हा राजाचं कशातच लक्ष नव्हतं.

“बत्तासा सापडला का? धोंडबा कुठवर पोचला?”

“दारापर्यंत, महाराज,” द्वारपाल म्हणाला. “सगळे तिथंच बसलेत. ऊस खातायत.”

“काय?”

दिवाणजी चाचरत पुढं आले. “महाराज, हत्ती कुठं सापडणार ते आधी सांगा, असं मी त्यांना म्हटलं. त्यांना सांगता येईना. मग नियमाप्रमाणं मी खर्ची अडवली.”

“अक्कल गहाण टाकलीत का, दिवाणजी?” राजा कडाडला. “हत्ती कुठं आहे हे त्यांना ठाऊक असतं, तर मी शोधायला कशाला पाठवलं असतं?”

म्हाळसेनं पुढं येऊन मुजरा केला.

“महाराज, घंटेबद्दल मला काल हेच म्हणायचं होतं. पण माझी जीभ ऐन वेळी संपावर जाते. आपण फार छान मांडलंत!”

राजानं मिशीचं टोक चावून हसू दाबलं. पण इतक्यात हट्ट सोडेल तो राजा कसला!

“ते राहू दे. शोधच घ्यायचा, तर नोकरी सोडून पाठशाळेत बसून का घेत नाहीस?”

“जशी आज्ञा! मग धोंडबाकाकांनाही सांगते, रानात जाऊ नका, ग्रंथालयात बसूनच हत्ती शोधा! महाराज, घंटा ओतली जाते ओतशाळेत, तिचं दुखणंही तिथंच असणार. ग्रंथालयात मी पुष्कळ बसले. तिथं घंटा कधी तडकली नाही. मला डुलक्या मात्र छान लागल्या!”

राजाच्या मिशा थरथरू लागल्या. “आणि समजा, काही सापडलंच नाही तर?”

“तर ‘या ओढ्याला हत्ती नाही’ एवढं तरी पुढच्याला सांगता येईल. त्याची पायपीट वाचेल.”

“आणि म्हातारी होईपर्यंत काहीच सापडलं नाही तर?”

“मग काय, महाराज! अशी मी एकटी थोडीच असेन? पाठशाळेत मला जुनी सोबत भरपूर मिळेल!”

दरबारात बसलेल्या पाठशाळेच्या आचार्यांच्या रांगेतून पहिलं हसू फुटलं ते सगळ्यात वृद्ध आचार्यांचं. मग राजा असा हसला, की सिंहासन करकरलं!

“दिवाणजी, तो नियम फाडा! धोंडबाला खर्ची द्या आणि आधी रानात पिटाळा! आणि या पोरीला शिष्यवृत्ती चालू करा, मजुरीच्या वर! तांबं, कथील मागेल तेवढं द्या. ही शोधात असेल तेव्हा तुळाजीला बदली माणूसही आपणच देऊ!”

आणि हातातलं सोन्याचं कडं काढून राजानं तिच्या हाती ठेवलं. म्हाळसेनं मोठ्या रुबाबात ते मनगटात घातलं, तर ते सरळ खांद्यापर्यंत गेलं! हसता हसता राजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दिवाणजींनासुद्धा हसू आवरेना.