दुसऱ्या मजल्याची वायर

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या गच्चीवर उभा राहून टीव्हीच्या छत्रीला शिव्या देत होता. त्याच्या घरातली अर्धी चॅनले कित्येक महिन्यांपासून दिसत नव्हती. जी दिसत होती ती स्वच्छ दिसत होती, आणि जी दिसत नव्हती ती कोणीही काहीही केले तरी येत नव्हती. व्यापाऱ्याला वाटले, छत्री काळी पडली असेल. त्याने ती चिंच आणि राख लावून तांब्याच्या हंड्यासारखी घासली. छत्री अशी लखलखली की समोरच्या घरातल्या बाईने खिडकीला पडदा लावला. चॅनले मात्र आली नाहीत.

तेव्हा त्याने एका वृद्ध कारागिराला बोलावणे धाडले. या वृद्धाने आयुष्यभर लोकांच्या छपरांवर चढून छत्र्या बसवल्या होत्या. त्याच्यासोबत त्याचा शिष्य आला. शिष्य चांगला मिशीवाला, दोन लेकरांचा बाप होता. पण स्वभावाने इतका उतावळा की जिना चढण्याआधीच त्याने पिशवीतून पक्कड काढली होती.

घर तळमजला धरून तीन मजल्यांचे होते. तळमजल्यावर दुकानामागे व्यापारी आणि त्याची पत्नी राहत. पहिल्या मजल्यावर थोरला मुलगा आणि सून. दुसऱ्या मजल्यावर मधला मुलगा मुकुंद आणि धाकटा, अशी दोघा भावांची एक खोली होती. होळीनंतर मुकुंद मोटारसायकलवरून मालाच्या कामाला गेला तो जिवंत परतला नाही. तेव्हापासून धाकट्याने त्या खोलीला कुलूप लावले होते, किल्ली करगोट्यात बांधली होती, आणि तो दुकानात पातेल्यांच्या उतरंडीशेजारी झोपत होता.

तीनही मजल्यांवर टीव्ही होते, पण गच्चीवर छत्री एक आणि तिच्यातून निघालेली वायरही एक. ती भिंतीवरून खाली उतरे आणि प्रत्येक मजल्याच्या खिडकीपाशी तिला एक जोड दिलेला होता. व्यापाऱ्याला याचा मोठा अभिमान होता.

"घर एक, चूल एक, छत्री एक आणि वायरसुद्धा एकच!" तो वृद्धाला म्हणाला. "शेजारी बघा. दोन भाऊ, दोन छत्र्या. एकमेकांकडे पाठ करून बसल्यात."

"छत्र्या सगळ्या एकाच दिशेला बघतात, शेठ," वृद्ध म्हणाला. त्याने छत्रीपुढे हात धरला आणि चटकन मागे घेतला. "हिला घासलं कोणी? यात पापड भाजून निघतील."

शिष्याने तोवर छत्री थोडी फिरवून पाहिली होती. "आलं का?" तो गच्चीवरून ओरडला.

"नाही!" तळमजल्यावरून व्यापाऱ्याची पत्नी ओरडली.

त्याने आणखी फिरवली. "आता?"

"अहो, होतं तेही गेलं!" पहिल्या मजल्यावरून सून ओरडली. "कोण चढलंय वर? त्याला आधी उतरवा!"

वृद्धाने छत्री पुन्हा जागेवर आणायला लावली, आणि तो जिन्यात पायरीवर जाऊन बसला. तिथून त्याने व्यापाऱ्याच्या पत्नीला विचारले, "आई, वरच्या खोलीत मुलं राहायची तेव्हा तुमचं कीर्तनाचं चॅनल यायचं का?"

"यायचं की. मधूनच जायचं. मग मी इथूनच जिन्यात हाक मारायची, की लगेच यायचं."

"कोणाला हाक?"

बाईने वर दुसऱ्या मजल्याकडे पाहिले. ती म्हणाली, "मुकुंदाला. 'मुकुंदा, बदल रे बाबा,' एवढंच म्हणायची. तो वरून 'हो आई' म्हणायचा. काय बदलायचा ते मला कधी कळलं नाही."

सून म्हणाली, "माझी मालिका गेली तरी मी भावजींनाच सांगायची. बाकी कोणाला सांगून उपयोग नव्हता."

वृद्धाने मान हलवली. त्याने तळमजल्याचा आणि पहिल्या मजल्याचा टीव्हीचा बॉक्स भिंतीच्या बटणापासून बंद करायला सांगितला. मग तो गच्चीवर गेला आणि छत्रीपाशी वायर सोडवून तिला त्याने मीटर लावला. मीटरचा काटा उठला, म्हणजे खालच्या कुठल्यातरी चालू बॉक्समधून वायरीत वीज येत होती. वृद्धाने मीटर पुसला, पुन्हा लावला. काटा पुन्हा उठला.

"शेठ," तो खाली वाकून म्हणाला, "घरात अजून कोणीतरी टीव्ही बघतंय."

"अगं बाई!" म्हणून सून दोन पायऱ्या मागे सरली. व्यापारी म्हणाला, "आम्ही सगळे इथं उभे आहोत. थोरला तर बाजारात गेलाय. बघणार कोण?" आणि मग सगळ्यांच्या माना एकदमच धाकट्याकडे वळल्या. धाकटा दुकानाच्या दाराला टेकून उभा होता. त्याचा हात करगोट्यावर गेला होता.

"टीव्ही बंद आहे," तो म्हणाला. "त्याच दिवशी बंद केला. पण बॉक्स चालू आहे."

"का?" व्यापाऱ्याने विचारले.

"दादा कुस्ती बघत होता. मध्येच फोन आला म्हणून उठला. मला म्हणाला, बंद करू नको, येतोच." धाकट्याने किल्ली मुठीत धरली. "मग बॉक्स मी बंद नाही केला."

 शिष्याला मात्र राहवेना. त्याला हा पेच अगदी साधा वाटत होता. "यात एवढं काय आहे?" तो म्हणाला. "कुलूपसुद्धा उघडायला नको. बाहेरून खिडकीपाशी त्या खोलीचा जोड आहे. एक कट मारला की सगळ्या घराचं सुरू!" आणि पक्कड घेऊन तो जिना चढू लागला.

तो दुसऱ्या मजल्यावर पोचण्याआधी धाकट्याने त्याला गाठले आणि मागून गळपट्टी धरली. "त्या वायरीला हात लावलास तर तुला गच्चीवरून खाली सोडीन!"

"सोड, सदरा नवा आहे!" शिष्य ओरडला.

"मग वायर सोड!"

"मी अजून धरलीच नाही!"

खालून व्यापारी संतापला. "सहा महिने घराला वेठीला धरलंस? आई तुझी कीर्तनाविना बसते, मला बाजारभाव दिसत नाहीत, आणि वर त्या बंद खोलीत कुस्त्या चालल्यात? आण ती किल्ली! नाहीतर मी कुलूप तोडतो."

"तोडा," धाकटा म्हणाला. "त्या बॉक्सवर एक हिरवा दिवा आहे. मी रोज सकाळी दाराच्या फटीतून बघतो. तो विझवलात तर मी या घरात राहणार नाही."

हे तो ओरडून म्हणाला नाही, त्यामुळे ते खरे आहे हे सगळ्यांना कळले. व्यापाऱ्याची पत्नी खाली पायरीवर बसली. "राहू द्या हो," ती नवऱ्याला म्हणाली. "नको मला कीर्तन."

 वृद्धाने शिष्याला हाक मारली. "पक्कड पिशवीत टाक. दुकानावर जा. चार तोंडांची एलएनबी आण." एलएनबी म्हणजे छत्रीपुढे दांडीवर बसवलेला तो डोळा. आभाळातले सगळे आधी त्याच्यात येते आणि तिथून वायरीत उतरते. "आणि चांगल्या तांब्याच्या वायरीचं भेंडोळं आण. पहिली वायर दुसऱ्या मजल्याला टाकायची."

शिष्य आ वासून उभा राहिला. व्यापाऱ्याची अवस्था त्याहून वाईट झाली. "दुसऱ्या मजल्याला? पहिली? अहो, तिथं बघायला आहे कोण?"

"आहे की," वृद्ध म्हणाला. "आत्ताच मीटरवर बघितलं आपण."

शिष्य सामान आणायला गेला, पण जाताना तो पुटपुटला, "वस्ताद म्हातारे झाले."

सामान आले. वृद्धाने स्वतः छत्रीचा जुना डोळा काढून नवा बसवला. त्याला चार वायरी लावण्याची सोय होती. मग वायर ओढता ओढता तो व्यापाऱ्याशी बोलू लागला, आणि जिन्यातल्या सगळ्यांना ते ऐकू गेले.

"शेठ, बॉक्स नुसता वरून घेत नाही, तो वर मागणंही धाडतो. अर्धी चॅनलं एका तऱ्हेची असतात, अर्धी दुसऱ्या. एका वायरीतून एका वेळी एकच तऱ्हा खाली येते. एकाच वायरीवर तिघं मागायला लागले की ज्याचं मागणं जोरकस, त्याचंच छत्री ऐकते. कुस्तीच्या चॅनलचं मागणं जोरकस निघालं. यात कोणाचा दोष नाही. पण तुम्ही म्हणता, इतकी वर्षं एका वायरीवर घर नीट चाललं. ते वायरीवर चाललं नाही, शेठ. ते मुकुंदावर चाललं. आईनं हाक मारली की तो आपलं सोडून द्यायचा. वहिनीनं सांगितलं की पुन्हा सोडायचा. तुम्हाला वाटलं, जोडणी चांगली आहे. आता तो नाही, तर त्याचं मागणं तेवढं वायरीत राहिलंय आणि सोडणारं कोणी नाही. तुम्ही म्हणता, कापून टाका. हा पोरगा म्हणतो, तसंच राहू द्या. कापलं तर हा घरातून जातो, आणि राहू दिलं तर सगळं घर त्या एका तऱ्हेवर अडकतं. म्हणून त्याला त्याची वेगळी वायर देतो. छत्री एकच राहील. घर एकच राहील."

व्यापाऱ्याने आपल्या लखलखीत छत्रीकडे पाहिले.  मग तो म्हणाला, "सोडून द्यायचा... एकदाही बोलला नाही कधी." आणि त्याने पुढे होऊन वायरीचे भेंडोळे स्वतः हातात घेतले, कारण शिष्याच्या हातात ते गुंतत होते.

वायर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत गेली. आता तिचे टोक बॉक्सला लावायचे होते, आणि ते दार उघडल्यावाचून लागणार नव्हते. शिष्य काही बोलणार तेवढ्यात वृद्धाने त्याच्या पायावर पाय दिला.

धाकट्यानेच करगोट्याची गाठ सोडली. गाठ इतक्या दिवसांची होती की सुटेना. शेवटी ती सुनेने दातांनी सोडवली. दार उघडले. खोलीत धूळ होती, दोरीवर मुकुंदचा टॉवेल होता, आणि टेबलावर तो हिरवा दिवा.

"जुनी वायर तू काढ, नवी तूच लाव," वृद्ध धाकट्याला म्हणाला. "दिवा विझायचा नाही. चित्र मात्र क्षणभर जाईल. ते परत येतं."

धाकट्याने मळसूत्र फिरवून जुनी वायर सोडवली.  नवी वायर त्याने दोनदा वाकडी लावली, तिसऱ्यांदा ती बसली. शिष्याने टीव्हीचे बटण दाबले आणि सगळेजण, मुकुंद नेमके काय बघत होता ते पाहायला, श्वास रोखून उभे राहिले.

पडद्यावर एक सुटाबुटातला गृहस्थ पोट कमी करण्याचा पट्टा विकत होता. तो पट्टा बांधून एक जाडजूड माणूस हसत हसत जिलबी खात होता.

"हे?" व्यापारी म्हणाला. "यासाठी माझे बाजारभाव बंद होते?"

धाकट्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आधी कोणाला कळेना की तो हसतो आहे की रडतो आहे. मग कळले की दोन्ही. तो खाटेवर बसला आणि टॉवेल तोंडाशी धरून हसत रडत राहिला, आणि पट्टेवाला गृहस्थ त्याला न थांबता सांगत राहिला की आजच मागवा, उद्या पस्तावाल.

वृद्ध आणि शिष्य उरलेल्या वायरी टाकायला गेले. दिवस कलेपर्यंत तळमजल्यावर कीर्तन सुरू झाले, पहिल्या मजल्यावर मालिकेतली सासू ओरडू लागली, आणि हे सगळे एकाच वेळी चालू राहिले. व्यापारी या मजल्यावरून त्या मजल्यावर जाऊन खात्री करून घेत होता.

इतक्या महिन्यांनी कीर्तन आले, तरी व्यापाऱ्याची पत्नी ते तसेच चालू ठेवून वर आली. गुडघ्यांवर हात ठेवत ती दुसरा जिना चढली आणि खाटेवर धाकट्याच्या शेजारी बसली. थोडा वेळ तिने त्या पट्टेवाल्याकडे पाहिले.

"मेल्यानं किती जिलबी खावी," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी लाव."

धाकट्याने टेबलावरून रिमोट उचलला. तो कितीतरी वेळ त्याच्या हातात राहिला. मग त्याने बटण दाबले. पडद्यावर कुठल्याशा डोंगरातली हिरवी शेते आली. त्याने सवयीने जिन्याच्या दिशेने कान दिला. खालून कोणी ओरडले नाही. कीर्तन चालू होते, सासू चालू होती.

गच्चीवर शिष्य हत्यारे गोळा करत होता. कठड्यावरून वाकल्यावर खालच्या खिडकीतून त्याला ती दोघे दिसत होती. या वेळी त्याने आवाज खाली ठेवून विचारले, "वस्ताद, दुसऱ्या मजल्याची ती वायर, ती कधी काढायची?"

वृद्धाने भेंडोळे खांद्याला अडकवले आणि तो जिना उतरू लागला. शिष्याने वाट पाहिली. उत्तर येणार नाही हे लक्षात आल्यावर त्याला उत्तरही समजले, आणि तोही मुकाट्याने उतरला.

ज्यांच्या घरातून कोणी नुकतेच गेले असेल त्यांनी एवढे तरी करावे: त्याच्या नावाची एक वायर वेगळी ओढून द्यावी, आणि जो ती सांभाळून बसला आहे त्याला, ती कधी काढणार, हे विचारू नये.