शिवली नावाची वस्ती

आमच्या वस्तीच्या दोन अंगांना जे उभे दगड तुम्ही पाहिलेत, ते शिवेचे. मावळतीचा बोरसाळ्याचा, उगवतीचा हिंगणवाड्याचा. मधल्या जमिनीवर दोघांपैकी कुणीच हक्क सांगत नाही. पाटीवर ‘शिवली’ वाचून पाहुणे आधी महादेवाचं देऊळ शोधतात. जरा शिकलेले म्हणतात, शिवेवरची म्हणून शिवली. दोघांचंही चुकतं. बसा सावलीला, सांगतो.

पूर्वी सांबरी नदी हीच दोन गावांची शीव होती, असं सांगतात. एका पुरात तिने पात्र बदललं. जुनं पात्र कोरडं पडलं, नवी धार अर्धा कोस उगवतीला सरकली आणि मधली गाळाची जमीन अशी निघाली की नुसतं बी फेकावं आणि उगवावं. बोरसाळेकर म्हणाले, शीव देवाने आखली आहे, नदी जाईल तिकडे शीव जाईल. हिंगणवाडेकर म्हणाले, नदीला काय कळतं? शीव माणसांनी ठरवलेली, वाडवडील चालले ती. डोकी फुटायची वेळ आली.

तेव्हा अशा वेळी शीव चालवण्याचा रिवाज होता. वेसकराने, म्हणजे गावाच्या वेशीची राखण करणाऱ्याने, शपथ घेऊन डोक्यावर मातीची पाटी घ्यायची आणि जुन्या खुणांवरून चालायचं. पावलं पडतील ती शीव. वाटेत त्याला कुणी शिवायचं नाही. ज्या गावाचं माणूस शिवेल, त्या गावाचा दावा बुडाला. वेसकर तर वारला होता. जन्मभर त्याच्यामागून ही वाट तुडवलेली त्याची म्हातारी बायको धुरपा तेवढी उरली होती. पंचांनी तिलाच उभं केलं. गावकुसाबाहेरची बाई, एरवीही तिला कोण शिवत होतं?

धुरपा बिनचूक चालली म्हणे. पण शेवटी नव्या धारेने जुनी शीव आडवी कापली होती, आणि शिवेचा शेवटचा दगड आता धारेपलीकडे होता. ती काठावर थांबली तर बोरसाळ्याचं खरं, दगडापर्यंत पोचली तर हिंगणवाड्याचं. दोन्ही गावं काठावर गोळा झाली होती. शपथ मोडेल या भीतीने म्हातारी थांबली नाही. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, मग छातीला. मध्यावर तिचा पाय सुटला. पाटी वाहून गेली, म्हातारी एकदा बुडाली, वर आली, परत बुडाली.

आणि कुणी हललं नाही. काठावर पट्टीचे पोहणारे होते. भर दुपार होती, सगळ्यांना सगळं दिसत होतं. जो तो दुसऱ्या गावाकडे बघत होता, त्यांच्यातलं कुणी उडी टाकतंय का म्हणून.  हे काही राक्षस नव्हते हो. माझ्यातुमच्यासारखी बायकापोरांची माणसं होती.

म्हाळसा पाण्यात शिरली. ही हिंगणवाड्याच्या पाटलाची सून. ती जवळ पोचली तेव्हा धुरपाच्या नाकातोंडात पाणी जात होतं, आणि तशातही ती म्हातारी हात मागे ओढत म्हणाली, “वैनीबाय, शिवू नगा. इटाळ हुईल तुमाला.”

म्हाळसेने तिला केसांना धरून ओढलं आणि काठावर आणून टाकलं. म्हातारी जगली.

लगेच पंच बसले. म्हातारीच्या पोटातलं पाणी अजून निघत होतं आणि हे शेजारी बसून वाद घालत होते. म्हाळसेचं माहेर बोरसाळ्याचं. हिंगणवाडेकर म्हणाले, रक्त बोरसाळ्याचं आहे, जन्म कुणाला बदलता येतो? तेव्हा शिवलं बोरसाळ्याने. बोरसाळेकर म्हणाले, दिल्या घरची ती तिकडची, रीतच आहे तशी; शिवलं हिंगणवाड्याने. सकाळपर्यंत जे देवाचं आणि नदीचं नाव घेत होते ते रीत सांगू लागले, आणि रीतवाल्यांना रक्त आठवलं. बाप म्हणाला, ही माझी लेक नव्हे. सासरा म्हणाला, ही माझी सून नव्हे. नवरा त्यांच्यामागे खाली मान घालून उभा होता.

म्हाळसा ओल्या लुगड्यानिशी उठली आणि म्हणाली, “लेक न्हाई, सून न्हाई. बरं. मी हिला शिवली, तवा मी हिची.”

त्या दोघी ह्याच गाळाच्या जमिनीवर राहिल्या. जमिनीवर हक्क सांगावा तर तिथे राहणाऱ्या म्हाळसेला आपली म्हणावं लागलं असतं, आणि आपली म्हटलं की शिवल्यामुळे दावाच बुडाला, म्हणून कोणतंच गाव पुढे आलं नाही. पुढे ज्यांना गावाने हाकललं ते एकेक करून इथे येत गेले. आम्ही त्यांचे.

आजही चैत्रात दोन्ही गावं वाजतगाजत येतात. त्या झाडाखाली दोघींचे शेंदूर लावलेले दगड आहेत. बोरसाळेकर म्हणतात, आमच्या लेकीला माहेरची साडी आणलीय. हिंगणवाडेकर म्हणतात, आमच्या सुनेचा मान आहे. दोघांचीही साडी आम्ही घेतो. फक्त नेसवायची त्यांनीच, स्वतःच्या हातांनी, आणि ती म्हाळसेला नाही, धुरपाला.