मुक्या जनुकाचा पहिला शब्द

"मग हे जनुक प्रबंधाच्या यादीतून काढून टाकू ना, सर?"

श्रीरंग गुळवणीने कागद पुढे सरकवले. मिरजेच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं तो तोंडाच्या कर्करोगाच्या गाठी तपासत होता. गाठीला रोखणारं एक जनुक बावीस रुग्णांमध्ये गप्प बसलं होतं. का, ते सापडलं तरच ते त्याच्या प्रबंधात बसणार होतं.

"अक्षर न् अक्षर वाचलंय. एकही चूक नाही."

श्रीरंगचं स्वतःवर फार प्रेम. तेवढं सोडलं तर मुलगा गुणी.

त्याचे मार्गदर्शक हारून तांबोळी सरांनी चष्मा पुसला. "आणि अक्षरांवरचे रासायनिक शिक्के? जनुकाचं तोंड बंद करतात, ते?"

"तेही पाहिले. नाहीत. माझ्या हातून असलं काही सुटत नाही, सर."

"कशात पाहिलेस?"

"नमुना चिमूटभर होता. यंत्रावर त्याच्या लाखो प्रती काढल्या, त्यांत."

डबा उघडून सरांनी फुटाण्यांचा बकाणा भरला. गाल टम्म फुगले.

"सर, बोला ना!"

"ऊं... ऊं..."

मग त्यांनी कागदावर स्वतःचं नाव लिहिलं, श्रीरंगपुढे धरलं आणि आपल्या फुगलेल्या गालावर बोट ठेवलं. या लिहिलेल्या नावात फुटाणे दाखव, असं खुणेनं सांगितलं.

श्रीरंगने कागद पाहिला, मग गाल पाहिला...

"अरे देवा! प्रतीत नुसती अक्षरं उतरतात. शिक्के उतरतच नाहीत!"

तो उठला तो थेट शीतपेटीकडे धावला. मूळ नमुने थोडेथोडे उरले होते. थोडेच, पण होते!

महिन्याभराने तो चपला न काढताच सरांच्या घरात शिरला.

"बावीसपैकी सतरा नमुन्यांत शिक्के, सर! काचेच्या बशीत वाढवलेल्या गाठीच्या पेशींना शिक्के पुसणारं औषध दिलं आणि जनुक बोललं! खरंच बोललं!"

त्याला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. सरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"काय म्हणालं?"

"थांब म्हणालं! पेशी वाढायच्या थांबल्या, सर! आजच लिहितो. आजच पाठवतो छापायला!"

सरांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"थांब म्हणालं ना?... मग थांब. अजून एकदा ऐक."