कौलपेटी आणि मूठभर पुड्या

ज्या काळी गावं आपापला कारभारी स्वतःच निवडत, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि वर त्याच्या वाड्या विखुरलेल्या होत्या. निवडीच्या दिवशी सगळ्यांनी खाली चावडीवर यायचं, अशी रीत होती. पण म्हातारीकोतारी, आजारी माणसं, बाळंतिणी यांना डोंगर उतरवत नसे. कारभारी कोण व्हावा, हे त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून एका वर्षी गावाने प्रत्येक वाडीत एक लाकडी पेटी ठेवली. वर बारीकशी फट, खाली कुलूप. लोक तिला कौलपेटी म्हणू लागले. प्रत्येकाला चावडीवरून एक मातीचा मणी मिळे, त्यावर त्याची खूण कोरलेली असे. आपली पसंती पानाच्या पुडीत बांधायची, पुडीला मणी अडकवायचा आणि ती पेटीत टाकायची. ज्याला चालवत नाही त्याने विश्वासाच्या माणसाहाती पुडी पाठवावी, असंही ठरलं. मोजताना आधी मणी तपासून वेगळे काढत, मग पुड्या मिसळून उघडत. त्यामुळे एका माणसाची एकच पुडी धरली जाई, आणि कुणाची पसंती कोणती ते कळतही नसे.

वरच्या वाडीत भागीरथी नावाची सुईण राहायची. निवडीच्या दुपारी ती पेटीपाशी आली, ओच्यातून मूठभर पुड्या काढल्या आणि एकेक करून फटीतून आत सोडल्या. समोरच्या उतारावर गुणाजी गवत कापत होता. त्याने ते पाहिलं.

संध्याकाळी निकाल लागला. गुणाजीच्या मनातला माणूस थोडक्यात हरला. घरी जाताना तो शेजाऱ्याला म्हणाला, "भागीरथीने एकटीने मूठभर पुड्या टाकल्या. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

शेजाऱ्याने सांगताना मुठीचा ओचा केला. पाणवठ्यावर त्याची टोपली झाली. बाजाराच्या दिवशी तर परगावच्या बायका पाट्या भरभरून पुड्या घेऊन आल्या होत्या, असं सांगणारेही भेटले.

भागीरथी दिसली की बायका हंडे उचलून निघून जाऊ लागल्या. एका गरोदर पोरीच्या सासूने तिला दारातूनच परत पाठवलं. "पुड्या कुणाच्या होत्या ते सांगून टाक ना," असं कुणीतरी म्हटलं, तर ती म्हणाली, "ज्यांनी भरवशाने दिल्या, त्यांची नावं मी चव्हाट्यावर कशी मांडू?" घरी येऊन तिने बाळांना चोळायच्या तेलाची वाटी फळीवर ठेवली आणि नुसतीच बसून राहिली.

शेवटी ही पेट्यांची रीतच नको, म्हणून लोकांनी सगळ्या पेट्या चावडीसमोर आणल्या. कुऱ्हाडही आली. मावळता कारभारी म्हणाला, "फोडायच्या तर फोडा. पण आधी मणी बघू."

घोंगडीवर मणी पसरले. ज्याने त्याने आपापली खूण ओळखून मणी उचलला. जे येऊ शकले नव्हते त्यांचे मणी घरच्यांनी घेतले. एकही मणी दुबार निघाला नाही, एकही परका निघाला नाही.

"टोपल्या आल्या असत्या, तर त्यांचे मणी कुठे गेले?" कारभाऱ्याने विचारलं. घोंगडीवर चावडीचाच एक मणी उरला होता, तो त्याने उचलला. "ही चिमणीची खूण कुणाची?"

गुणाजीचा चेहरा उतरला. "माझ्या आईची."

"पेटीत तू टाकलीस तिची पुडी?"

"नाही. तिने पुडी दिलीय, हेच मला ठाऊक नव्हतं."

तो तसाच घरी धावला. आई अंथरुणावर पडून होती. कित्येक महिन्यांत ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

"आई, तुझी पुडी कुणी नेली?"

"भागीरथीने. शेजारच्या आंधळ्या काकांची, त्या बाळंतिणीची, आम्हा अडलेल्यांची तिनेच नेली. का रे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सकाळीच गवताला गेलास, बाळा. विचारलं असतंस तर दिली असती." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने त्याच्या केसांतली गवताची काडी काढली. गुणाजीला रडू आवरेना.

तो चावडीवर परतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी मूठ पाहिली. ती कुणाकुणाची होती, ते विचारलं नाही. त्यात माझ्या आईचीही पुडी होती. भागीरथीमावशीने काहीही खोटं केलेलं नाही."

कुऱ्हाड परत गेली. गुणाजी भागीरथीच्या दारात जाऊन उभा राहिला. "मावशी, मला माफ कर."

"ते नंतर," ती म्हणाली. "आधी त्या पोरीच्या सासूकडे जा. दिवस भरलेत तिचे."

तो गेला. मग प्रत्येक घरी गेला. अफवा आपोआप पसरली होती, पण ती पुसायला त्याला दारोदार फिरावं लागलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दार लावून घेतलं. पण त्या सासूने भागीरथीला बोलावणं धाडलं, आणि पोरीची सुखरूप सुटका झाली.

पुढच्या निवडीला गुणाजीने आईला पाठीवर घेतलं आणि पेटीपाशी नेलं. पुडी टाकण्याआधी ती त्याच्या कानाशी म्हणाली, "तिकडे तोंड कर. बघू नकोस."

"पुडी तर बांधलेली आहे, आई!"

"तरी पण."

गुणाजी हसला आणि त्याने डोंगराकडे तोंड फिरवलं.

यातून घ्यायचं तात्पर्य: डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचाही अर्थ आधी विचारून घ्यावा, न विचारता केलेल्या आरोपाने दुबळ्यांचाच आवाज हिरावला जातो.