झऱ्यावरचा पहिला मान

गोष्ट फार जुनी आहे. कुठल्या राज्यातली, ते आता कुणालाच आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाला एकच लहानसा झरा होता. पहाटे पहिल्या घागरी निवळशंख निघत. शेवटच्या घागरीत निम्मा चिखल येई.

त्या गावात दूरच्या मुलखातून एक आई पोराबाळांना घेऊन आली. तिचं गाव पुराने गिळलं होतं. तीही इतर आयांसारखीच कोंबड्याबरोबर उठे, दळण दळी, तान्ह्याला पाठीशी बांधून झऱ्यावर येई. पण पाटलीणबाईंचा नियम होता: या मातीत जन्मलेल्यांनी आधी भरायचं, परक्यांनी शेवटी. गावातली पोरं पेज पिऊन खेळायला जात, तेव्हा कुठे हिची चूल पेटे.

वर आधी पाणी भरणाऱ्या त्याच बायका नाकाने कांदे सोलत, की हिची पोरं बघा कशी उपाशी, हिला आईपण कळत नाही. पाणी अडवायचं यांनी आणि आळशी ठरवायचं तिला. सांगतानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एके दिवशी तान्हं तापाने फणफणलं. वैद्याने बजावलं, गढूळ पाणी पाजलंस तर हे वाचायचं नाही. दुसऱ्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी आली आणि झऱ्याला घागर लावली. पाटलीणबाईंनी ती पायाने कलंडवली आणि नियम ऐकवला.

ती रडली नाही. तिचे डोळे निखाऱ्यासारखे झाले होते.

"नियम मान्य," ती म्हणाली. "इथं जन्मलेल्या बायांनी पुढं यावं. बघू तरी किती येतात."

पाटलीणबाई पुढे सरसावल्या आणि थबकल्या. त्या घाटापलीकडून नांदायला आल्या होत्या. त्यांच्या मागची खालच्या खोऱ्यातली, तिच्या मागची नदीपारची. सगळ्या सुनाच. गावात जन्मलेल्या मुली तर केव्हाच परगावी दिलेल्या होत्या.

पुढे आली एकटी म्हातारी. ती गावाची लेक, विधवा होऊन माहेरी परतलेली. अपशकुनी म्हणून तिलाही रोज मागेच उभं करत. तिने पहिली घागर भरली आणि त्या आईच्या घागरीत ओतली.

मग म्हातारी पाटलीणबाईंकडे वळली. "सूनबाई, तुझी लेक परगावी दिलीस. तिचं पोर आज कुठलं पाणी पीत असेल गं?"

 पाटलीणबाई रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांच्या घरची पेज चिखलपाण्यात शिजली आणि पाटलांनी पहिल्याच घोटाला वाटी बाजूला सारली. तान्हं वाचलं. त्या नियमाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

बोध एवढाच, की जी स्वतः सासरी नांदायला आली, तिने तरी दुसऱ्या आईला परकी म्हणू नये.