न फुंकलेला शंख

एका राज्यात, जिथले डोंगर सकाळी गप उभे राहत आणि भर दुपारी आपापल्या जागा बदलत, सुकेतु नावाचा राजा राज्य करीत होता. करीत होता म्हणायचं आपलं. बिचारा पायापासून छातीपर्यंत दगड झाला होता.

शेजारी मायावी काजळनाथ राही. त्याचं सैन्य धुराचं. दरवर्षी ते सीमेवर येई, दरवर्षी सेनापती रणमल्ल त्याला झोडपून काढी, धूसरगड सर करी आणि गडावर आपलं निशाण लावून साऱ्या सेनेनिशी घरी परते. का परते? अहो, रीतच तशी! गड घ्यायचा, वेशीशी यायचं आणि राजानं तटावरून पांढरा विजयशंख फुंकायचा. शंख वाजल्याखेरीज "जिंकलो" म्हणायची कुणाची छाती नव्हती. शंख वाजला की भाकरतुकडा ओवाळून टाकायचे, घरोघरी पुरण शिजायचं. आणि वर्ष सरतं न सरतं तोच धूर पुन्हा सीमेवर हजर!

अशा अकरा लढाया झाल्या. अकराही जिंकल्या. पहिल्या विजयानंतर राजाची पावलं दगडाची झाली, मग दर विजयाला दगड वर वर चढत गेला. वैद्य म्हणाले, वात आहे, तिळाचं तेल चोळा. चोळलं. दगड तेवढा चकाकायला लागला.

रणमल्ल आणि राजा एकाच दाईच्या दुधावर वाढले होते. रोज सकाळी रणमल्ल राजाच्या पायांवर डोकं ठेवी, कपाळाला गार दगड लागे. बाराव्या वर्षी धूर दिसला, तेव्हा तो अंगणात बसून मोहिमेचा नकाशा काढत होता. तांबड्या मातीत आधी आपली वेस, मग वाट, मग धूसरगड, आणि गडावर ठसठशीत फुली.

तेवढ्यात कुंपणातून एक भारद्वाज पक्षी ऐटीत चालत आला.

"सेनापती, लढाया किती जिंकलास?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"आणि युद्धं किती?"

रणमल्लाच्या हातातली काडी थांबली. त्या राज्यात पक्षी बोलत, त्याचं कुणाला नवल नव्हतं; पण असं वर्मावर बोट ठेवणारा पक्षी त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

"तीन गोष्टी सांग," पक्षी म्हणाला. "सगळं लढून झाल्यावर डोळ्यांना काय दिसायला हवं?"

रणमल्लाच्या ओठांवर गड आला होता. तो त्यानं गिळला. "महाराज. आपल्या पायांनी चालत येताना."

"शत्रूचं बळ कशात आहे?"

"धुरात."

"धुरात प्राण कोण फुंकतो?"

तेही मग पक्ष्यानंच सांगितलं. शंख राजाचा नव्हता. गडापलीकडे निळं तळं आहे, शंख त्या तळ्याचा. राजाच्या आजोबांनी तो लुटून आणला, तेव्हा तळ्यानं शाप दिला. जो तो फुंकील त्याचा श्वास मेलेल्या धुरात जाईल, आणि फुंकणारा दगड होईल. आजोबांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. फुंकायची हौस सुकेतूची.

"आणखी एक फुंक," पक्षी म्हणाला, "की दगड गळ्याशी."

"अरे देवा! म्हणजे अकरा वर्षं मीच त्याला..." रणमल्लानं कपाळावर हात मारून घेतला.

"रड नंतर. तिसरं सांग. तुझी माणसं मागं न बघता किती दिवस चालतील?"

"नऊ. दहाव्या दिवशी घरची आठवण पाय ओढते."

"आणि तळं?"

"नऊ दिवसांच्या वाटेवर."

"तर मग नकाशा पूस. शेवटापासून काढ."

रणमल्लानं तळवा फिरवला. आधी तळं काढलं. तळ्याशी पोचायचं तर खिंड हवी, म्हणून खिंड काढली. खिंडीशी पोचायचं तर नदी ओलांडायला हवी, म्हणून नदी काढली. अशी वाट उलटी उलटी येत त्याच्या दाराशी टेकली. गड बाजूला राहिला.

"आणि गड?"

"गड घ्यायचा नाही," पक्षी म्हणाला, आणि कुंपणात शिरून दिसेनासा झाला.

रणमल्लानं हे सारं राजाच्या कानी घातलं. "शंख आजोबांचा आहे, रणमल्ला."

"आजोबांनी लुटलेला, महाराज."

"मला आणि शंखाला पालखीत घाल," राजा म्हणाला. छातीपर्यंत दगडाचा राजा उचलायचा म्हणजे काय खायचं काम आहे? चोवीस भोई लागले.

पहिलं काम नदीचं. दरवर्षी सीमेवरचा धूर मागे रेटला की आनंदात सैनिक शत्रूच्या होड्यांची होळी करीत. या खेपेस होड्या जपून ठेवल्या, त्यांतून सारी सेना अलगद पार झाली. माणसं पालखीकडे बघू लागली. "शंख?" "नंतर," रणमल्ल म्हणाला. दुसरं काम खिंडीचं. डोंगर दुपारी जागा बदलत, तेव्हा आदल्या सांजेस पायथ्याशी मुक्काम केला आणि सकाळच्या धुक्यात, डोंगर पेंगत होते तोवर, सेना पलीकडे उतरली. मागून खिंड मिटल्याचा मोठा आवाज झाला. "आता तरी शंख?" "नंतर."

तिसरं काम गडाचं, आणि तेच जड. अर्धी सेना गडापुढे नगारे पिटत उभी राहिली. सारा धूर तिथं लोटला. उरलेले लोक पालखी घेऊन आडवाटेनं निघाले, तोच गडाचा दरवाजा आपोआप उघडला. आत चिटपाखरू नव्हतं.

"सेनापती, दार उघडं आहे!" सरदार तुकदेव ओरडला. "घेऊ का?"

"नको."

"अहो, पण सताड उघडं आहे!"

रणमल्लाचा हात तलवारीकडे गेला. अकरा वेळा तो त्या पायऱ्या चढला होता, अकरा वेळा त्याच्या नावाचा जयजयकार झाला होता. त्यानं तोंड फिरवलं आणि भोयांना म्हणाला, "चला."

नवव्या दिवशी तळं दिसलं. आभाळ खाली सांडून ठेवावं तसं. पण धुरालाही आता समजलं होतं. गड सोडून तो मागून लोटत आला, सूर्य झाकोळला, भोयांनी पालखी पाण्याच्या काठाशीच टेकवली. "शंख फुंका, महाराज!" माणसं रडकुंडीला येऊन ओरडू लागली. शंखाच्या आवाजानं त्यांना नेहमीच धीर येई. आणि आपल्या माणसांना धीर द्यायचा एवढंच ठाऊक असलेल्या राजानं शंख ओठांशी नेला.

"केतू!"

चाळीस वर्षांत या नावानं त्याला कुणी हाक मारली नव्हती. रणमल्ल पालखीशी हात पसरून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"फुंकू नकोस रे. आपण अजून जिंकलेलो नाही."

राजानं शंखाकडे पाहिलं, रणमल्लाकडे पाहिलं, आणि शंख पाण्यात सोडला. डुबुक असा आवाज झाला. धूर जागच्या जागी बसला आणि पाण्यावर सकाळचं धुकं होऊन राहिला.

काठावर एक थकलेला म्हातारा पाय धूत होता. तोच काजळनाथ. "मिळाला एकदाचा," तो म्हणाला. "अकरा वर्षं गड घेत होतात. गड मागितला होता कुणी?" एवढं बोलून तो पाण्यात उतरला, आणि पाणीच झाला.

इकडे राजधानीत सारं गाव तटावर गोळा झालं होतं. सेना लांबून दिसली, पण शंख वाजेना. बायकांची तोंडं उतरली. म्हातारी दाई वेशीच्या दगडावर बसली होती, तिनं तर पदर तोंडाला लावला. पालखी वेशीबाहेर थांबली. कुणीतरी उतरलं, अनवाणी चार पावलं चाललं आणि केवढ्यानं तरी ओरडलं:

"आई गं! काटा!"

"अगंबाई," दाई उठून उभी राहिली, "हा तर माझा केतू!"

गावाला कळलं. एवढा जल्लोष अकरा शंखांनाही झाला नव्हता. त्या गोंधळात राजा रस्त्यातच बसला होता, आणि सेनापती काटा काढायला त्याच्यासमोर मांडी घालून बसला. रोजच्या सवयीनं त्यानं आधी त्या पायावर कपाळ टेकवलं. पाय गरम होता.